कढईमागच्या बाईची काळजी कोण घेणार?

शेगावला जाऊन आलं आणि कचोरी आणली नाही, असं आपल्याकडे सहसा होत नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्टेशनवर ही कचोरी सुरू केली आणि गावाच्या नावाशी ती कायमची जोडली गेली. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर... कुठल्याही स्टँडवर उतरा, आलूबोंडा आणि मिरची भज्यांचा वास आधी येतो. यातल्या कितीतरी गाड्यांवर झारा बाईच्याच हातात असतो.

गाड्यावर खाताना आपण तेलाचा रंग पाहतो, पाणी कुठलं ते विचारतो. विचारायलाच हवं! पण मैत्रिणींनो, दिवसभर त्या कढईमागे उभं राहणाऱ्या बाईच्या तब्येतीची चौकशी आपण कधी केली आहे का?

गेल्या उन्हाळ्यात घाटाखालच्या गावांमध्ये फिरताना मी ती मुद्दाम करत गेले. एका मावशींच्या मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते, काही जुने, काही ताजे. "भाजनं तं चालूच राह्यते," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. "पानी पेलं का मंग जा लागते बाई. जावं कुठी? अन् गाडा कोनाच्या भरोशावर सोडू?" सकाळी सहाला घरून निघालेल्या या मावशी दुपारी चारपर्यंत घोट-दोन घोट पाण्यावर काढतात. तेही मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना आणि हाताशी १७०-१८० अंशांवर तापलेलं तेल असताना!

पाणी कमी पिण्याची ही सवय फार महागात पडते. लघवीला जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, मुतखडा हे त्यातूनच येतं. पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. वर ऊन आणि खाली आच, त्यात अंगात पाणी नाही, म्हणजे उष्माघाताला आमंत्रणच. तासन् तास एका जागी उभं राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. आणि तळणाचा धूर? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, खूप तापवलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते लवकर धुरतं. म्हणजे जुनं तेल गिऱ्हाइकाच्या पोटाला वाईट, तसंच तळणारीच्या छातीलाही!

दुसऱ्या एका गावात एका तरुण बाईने पायावरचा मोठा व्रण दाखवला. अतिक्रमण हटवणारी गाडी आली, अशी हाकाटी झाली. सगळ्यांची पळापळ झाली. तिने गरम तेलाची कढई तशीच उचलली आणि तेल हिंदकळून पायावर आलं. "कढई सोडली असती तं सामान गेलं असतं," ती सहज बोलून गेली. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

या दोघींचं ऐकल्यावर एक गोष्ट मला लख्ख कळली. गाड्यावरच्या बाईचं आरोग्य तिच्या जागेशी बांधलेलं आहे. जागा पक्की नसेल तर ती सावलीचं छत उभारणार कशी? पाण्याची टाकी ठेवणार कुठे? जवळच्या स्वच्छतागृहाची मागणी तरी कशाच्या बळावर करणार? उद्या इथे उभं राहता येईल की नाही हेच माहीत नाही, तिथे तब्येतीचा विचार कोण करतो?

म्हणूनच २०१४ चा पथविक्रेता कायदा आपल्या कामाचा आहे. शहरी भागातल्या विक्रेत्यांसाठी तो १ मे २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि ते होईपर्यंत कुणाला हुसकावता येत नाही. जागेवरून हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा असतो. नगर परिषदेच्या गावात मुख्याधिकारी ज्या पथविक्रेता समितीचे अध्यक्ष असतात, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला असाव्यात, असं हा कायदा सांगतो. सावली, पाणी, स्वच्छतागृह हे विषय मांडायची हीच जागा. तुमच्या गावात ही समिती आहे का? तिच्यात बाया किती? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर काढा.

तोवर हातातल्या गोष्टी तरी करूच. कढईजवळ सिंथेटिक साडी नको, ती पेटली की वितळून कातडीला चिकटते. सुती साडी बरी, पदर खोचून घ्यावा. कढईवर बसेल असं झाकण नेहमी हाताशी असू द्यावं. तेल पेटलं तर आधी गॅस बंद, मग झाकण, आणि पाणी अजिबात टाकायचं नाही. पाण्याने भडका उडतो. सिलिंडर उभाच ठेवावा, नळी चिरलेली दिसली की लगेच बदलावी. भाजलं तर बांगड्या उतरवून तो भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. जास्त भाजलं असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

पाण्यासाठी दोन शेजारणींनी एक साधा करार करावा. एकीने दुसरीचा गाडा दहा मिनिटं सांभाळायचा. दोन तासांनी दुसरीची पाळी. एवढ्यानेही पाणी पिण्याची भीती जाते. २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, २०२५ मध्ये ते पंधरा हजारांपर्यंत वाढवलं गेलं. त्यातून मालाबरोबर एक चांगली छत्री आणि बसायला उंच स्टूल घ्यायला काय हरकत आहे?

आणि आपण गिऱ्हाइकं? "लवकर दे गं" म्हणत कढईवर वाकू नये. लेकरांना गाड्यापासून दोन हात लांब उभं करावं. ज्या दुकानदार वहिनींच्या घरी किंवा दुकानात स्वच्छतागृह आहे, त्यांनी समोरच्या गाड्यावरच्या बाईला एकदा सांगून पाहावं, "लागलं तर येत जा, संकोच करू नका." त्या मावशींना असं सांगणारं अजून कुणी भेटलेलं नाही. निदान तुमच्या गल्लीतल्या मावशींना तरी ते या आठवड्यात भेटू दे!