तूप, तेल आणि थंडी
लेखमाला : ऋतू आणि सजीव – लेखांक ६

मागच्या लेखात उन्हाळ्यात झाडे पाणी कसे राखतात ते पाहिले. आज थंडीकडे वळू, आणि सुरुवात स्वयंपाकघरातून करू.

डिसेंबरच्या सकाळी तुपाच्या भांड्यात चमचा रुतत नाही. शेजारची करडईच्या तेलाची बाटली तिरपी केली की मात्र धार लागते. दोन्ही स्निग्धच, फरक रेणूंच्या ठेवणीत आहे. तुपात संपृक्त मेदाम्ले जास्त. ती सरळ काटक्यांसारखी असल्याने त्यांची मोळी घट्ट बांधली जाते. तेलातल्या असंपृक्त मेदाम्लांना मध्येच बाक असतो, आणि वाकड्या काटक्यांची मोळी सैलच राहते.

सजीवांच्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचा असाच एक तलम पापुद्रा असतो, तो म्हणजे पेशीपटल. थंडीचा पहिला घाव बसतो तो याच्यावर. पटल तुपासारखे थिजू लागले की त्याची राखण ढिली पडते आणि आतले क्षार बाहेर झिरपतात.

फ्रीजमध्ये ठेवलेले केळे पाहा. बर्फाचा कणही तयार झालेला नसतो, तरी साल काळी पडते. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याच्या पेशींची पटले दगा देतात; वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली फिनॉल द्रव्ये आणि विकरे एकमेकांत मिसळतात. चिरलेले वांगे काळे पडते, तीच ही क्रिया. जळगावकडे रावेर-यावलच्या केळीच्या बागांत कडाक्याच्या थंडीत नवी पाने येणे मंदावते, पानांवर डाग पडतात. शेतकरी त्याला ‘चरका’ म्हणतात.

त्याच थंडीत शेजारच्या रानातला गहू खुशाल असतो. गारवा वाढू लागला की गव्हाच्या पेशी पटलातल्या सरळ साखळ्यांना बाक देतात, म्हणजे तुपाचे तेल करतात. सोबत साखरही साठवतात. थंड पाण्यातले कार्प मासेही आपली पटले अशीच पातळ ठेवतात. उत्तरेकडच्या बर्फातल्या रेनडिअरची गोष्ट आणखी विलक्षण. त्याचे धड ३८ अंशांच्या आसपास उबदार, खुरांजवळचा भाग मात्र कितीतरी थंड. पायात खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देते, म्हणून शरीराची उष्णता बर्फात वाया जात नाही. पण मग खुरांजवळची चरबी थिजत कशी नाही? तिच्यात असंपृक्त मेद जास्त असतो. एकाच पायात वर तूप, खाली तेल!

या साऱ्या तयारीला वेळ लागतो. थंडी पावलापावलाने आली तर गव्हाच्या पेशींना काही दिवस मिळतात. एका रात्रीत पारा कोसळला तर चिवट पीकही गडबडते. उष्ण प्रदेशातल्या केळीला तर ही कला फारशी अवगतच नाही. तिची तयारी शेतकऱ्यालाच करावी लागते. बागेभोवती शेवरीचे किंवा गजराज गवताचे कुंपण वारा अडवते. रात्री दिलेले विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त वेळ धरून ठेवते. घडांना पिशव्या घालतात त्या यासाठीही. कुंपण मात्र कितीतरी आधी वाढवावे लागते, पाण्याची पाळीही आधी ठरवावी लागते. निदान त्या पाळीसाठी तरी थंडीच्या लाटेचा इशारा दोन दिवस आधी बांधावर पोहोचला पाहिजे. गव्हाला निसर्गाने दिलेली सवड केळीला मिळते ती तेवढीच.

पुढच्या आठवड्यात : पाणी खरोखरच गोठू लागते, तेव्हा काय होते?