रान पाहणाऱ्याचा वाटा

पुण्यात फ्लॅट भाड्याने लावून देणारा एजंट महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो. मालक परदेशात असेल आणि घर सांभाळायचं असेल, तर पुढे टक्केवारी लावतो. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. दुसऱ्याची मिळकत पाहायची आणि त्यातला हिस्सा घ्यायचा, हा आमच्याकडचा फार जुना व्यवहार. सरदेशमुखीचा दहावा हिस्सा तर शाळेतच पाठ होतो.

निजामाच्या राज्यात महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरायची, वरचं आपलं. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, करून पगारी अंमलदार नेमले आणि देशमुख-देशपांड्यांना रुसूम बांधून दिले. म्हणजे काम गेलं, मेहनताना तेवढा राहिला. असं भाग्य पुढे दुसऱ्याचं रान हिश्श्याने कसणाऱ्या एकाही बटईदाराच्या वाट्याला आलं नाही.

1948 ला निजामाचं राज्य संपल्यावर जहागिऱ्या गेल्या आणि 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळावा म्हणून आलेल्या या कायद्याने कित्येकांना जमीन मिळालीही. पण त्याची एक सावली अजून रानावर आहे. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागलं की रान गेलं, अशी मालकांना जी धास्ती बसली, ती नातवंडांपर्यंत पोचली. तेव्हापासून सगळा व्यवहार तोंडी. पाडव्याला बोली होते, साक्षीला चहा पिणारे असतात आणि दोन-तीन सालांत माणूस बदलला जातो. ज्याला पुढच्या सालाचा भरवसा नाही, तो शेणखत कशाला टाकेल? तळ्यातला गाळ कशाला ओढेल? मालकाला आपण हुशारी केली असं वाटतं. रान मात्र दरसाल हलकं होत जातं.

मोबदल्याच्या रीती मोजक्याच. सालगड्याला सालाचा ठरीव पैसा, त्यातली उचल आधी. निम्म्या बटईत बी, खत, फवारणी अर्धी-अर्धी, राबणं बटईदाराचं, माल अर्धा. खर्च सगळा मालकाचा असेल, तर कसणाऱ्याला तिसरा किंवा चौथा वाटा. आणि ठोका म्हणजे एकरी रोख रक्कम; पिको न पिको, मालकाचे पैसे मोकळे. नीट पाहिलं तर यात कष्टाची किंमत कमी आणि पावसाची जोखीम कोणाच्या डोक्यावर हेच जास्त ठरलेलं असतं. म्हणून कोरडवाहू रान बटईने आणि ओलिताचं ठोक्याने, असा कल. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचं पाणी जिथे पोचलं, तिथे कसणाराही रोख बोली करायला धजावला.

मळणीयंत्रापाशी उभं राहिलं की बोलीत न आलेलं दिसतं. सोयाबीनची पोती मोजून दोन ढीग लागतात, यंत्राची मजुरी दोन्हीकडून वजा होते. भुसकट मात्र कोणी मोजत नाही, ते बटईदाराच्या गोठ्यात जातं. बांधावरचं गवत त्याचं, ज्वारी असेल तर कडब्याचा मात्र वाद. विहिरीची मोटार जळाली तर कोणाची, यावरून तुटलेली नाती गावोगाव आहेत.

अलीकडच्या काळात हिशेबात सरकारी पैसा शिरला आणि तोंडी बोली अपुरी पडू लागली. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला, कसणाऱ्याला नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. पिकाचा फोटो रानात उभं राहून काढावा लागतो, म्हणून पुण्यातला मालक ते काम बटईदाराच्या मोबाइलवर सोपवतो. या कामाचे वेगळे पैसे मागितल्याचं मात्र ऐकिवात नाही. खरीप 2023 ला एक रुपयात पीकविमा मिळाला, पण बटईदाराने स्वतःच्या नावाने भरायचा तर नोंदणीकृत भाडेकरार हवा. तो कोण करून देणार? निती आयोगाने 2016 मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला. मालकाची मालकी शाबूत ठेवून कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळावा, हाच त्याचा हेतू. माझ्या मते दुखणं बरोबर ओळखलं होतं, पण धास्ती कायद्याने आली तशी कायद्याने जात नाही.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली. निम्मा खर्च बटईदाराचाही बुडाला, मदत मात्र खातेदाराच्या नावावर. काही मालकांनी अर्धी दिली, काहींनी फोन उचलला नाही. आता बोली करताना शहाणा बटईदार भुसकटाआधी अनुदानाचं विचारून घेतो.