नाक खाली करा!

‘विमान स्टॉल झाले’ असे वाचले की आपल्याला वाटते, इंजिन बंद पडले असेल. घाटात मोटार बंद पडते तसे! पण गंमत अशी की, इंजिन उत्तम धडधडत असतानाही विमान स्टॉल होते. दोष असतो तो पंखांच्या तिरपेपणाचा.

लहानपणी आगगाडीच्या खिडकीबाहेर तळहात थोडा तिरपा धरला की वारा तो वर उचलायचा आणि फार तिरपा केला की नुसता मागे लोटायचा, हे आठवते ना? पंखाचेही तसेच. सुमारे १५-१६ अंशांपर्यंत तिरपेपणा वाढेल तशी उचल वाढते. त्यापुढे मात्र पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते आणि उचल ढासळते. त्यातून एक पंख आधी ढासळला, तर विमान गिरक्या घेत खाली येते.

अशा वेळी मन सांगते, ‘नाक वर खेच!’ आणि तेच घातक ठरते. पंख आणखी तिरपा होतो. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या माळावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क असेच गिरकीत सापडले. त्यांनी नाक वर खेचून पाहिले, गिरकीच्याच दिशेने सुकाणू दाबले, व्यर्थ! अखेर सुकाणू उलट दाबताच विमान सावरले. तेव्हा जमीन सुमारे ५० फुटांवर होती. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या अपघातात पार्क गेले. धडा मात्र मागे राहिला.

म्हणूनच लहान विमानाला उड्डाणयोग्यतेचा दाखला देण्याआधी चाचणी-वैमानिक ते उंचावर नेऊन मुद्दाम स्टॉल करतात. अमेरिकेच्या २०१७ पूर्वीच्या नियमांत कसोट्या आकड्यांनीच बांधलेल्या होत्या. एकइंजिनी विमानाचा स्टॉलचा वेग सर्वसाधारणपणे ताशी ११३ किलोमीटरांपेक्षा अधिक नसावा. कारण वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो. स्टॉलपूर्वी भोंग्याने किंवा थरथरीने इशारा मिळावा. एका गिरकीनंतर आणखी एका फेऱ्याच्या आत विमान सावरावे.

फ्रेड वाइक या अभियंत्याने तर वेगळीच युक्ती केली. त्याच्या ‘एरकूप’ विमानाचे नाक ठरावीक मर्यादेपलीकडे वर उचलताच येत नसे. १९४० साली, गिरकीत न जाणारे विमान म्हणून त्याला दाखला मिळाला.

तरीही उतरताना, जमीन जवळ असताना घेतलेले वळण आजही जीव घेते. तेथे सावरायला उंचीच नसते. विमान इशारा देईल, एवढी हमी दाखला देतो. तो ऐकून वेळीच नाक खाली करणे वैमानिकाच्याच हाती!