झटक्यानंतर मनाचं काय?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एका रुग्णाला तीव्र नैराश्य गाठतं. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो, पुन्हा तंबाखूकडे वळतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये नैराश्याला धोक्याचा घटक मानण्याची शिफारस केली.

सोलापुरात यंत्रमागावर पाळी करणाऱ्याच्या मनात घोळतं ते वेगळंच : पुन्हा मागावर उभं राहता येईल का? जिना चढू का? पती-पत्नीचे संबंध चालतील का? हा शेवटचा प्रश्न बहुतेकांच्या ओठांवर येतच नाही. तो डॉक्टरांनीच आपणहून काढायला हवा.

देशातल्या २४ केंद्रांवरील ३,९५९ रुग्णांच्या ‘योगा-केअर’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगाधारित पुनर्वसनाने पुढचा झटका टळतो, असं त्यात सिद्ध झालं नाही. पण रुग्णांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटू लागली, ते नेहमीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. ही मिळकत लहान नाही.

दोन आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर पुढच्या तपासणीत ते डॉक्टरांना जरूर सांगा. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतूनही बोलता येतं.