तळणीच्या तेलातून इंधन : एका छोट्या धंद्याचा हिशोब

दिवाळीचे तळण आटोपले की कढईत काळपट तेल उरते. ते टाकून द्यावे की पुन्हा वापरावे, हा प्रश्न गृहिणीपुढे वाटीभर तेलाचा असतो. फरसाणवाल्यापुढे तोच डबेच्या डबे तेलाचा असतो. या तेलापासून मोटारीचे इंधन होते हे ऐकून काही होतकरू मंडळी त्याचा कारखाना काढावा म्हणतात. त्यांनी भांडवल घालण्यापूर्वी काय समजून घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

मूळ कल्पना नवी नाही. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल जातीचे एक छोटे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. मग आपणही तेल तसेच टाकीत का ओतू नये? कारण ते फार दाट असते. त्याचा फवारा नीट उडत नाही, ते अर्धवट जळते आणि इंजिनात काजळी धरते. म्हणून ते पातळ करावे लागते.

तेलाचा कण म्हणजे ग्लिसरीनच्या खुंटीला बांधलेल्या मेदाम्लांच्या तीन दोऱ्या, असे समजा. कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने मिथेनॉल या दोऱ्या सोडवते आणि स्वतः एकेकीला चिकटते. हे झाले बायोडिझेल. सुटलेले ग्लिसरीन जड असल्याने तळाशी बसते. 100 किलो तेल व सुमारे 11 किलो मिथेनॉल यांपासून 100 किलोच्या आसपास इंधन व 10 किलो ग्लिसरीन, असा हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात क्रिया पुरी व्हावी म्हणून मिथेनॉल दुप्पट घालतात आणि उरलेले ऊर्ध्वपातनाने परत मिळवतात. मिश्रण 60 अंशांच्या आत-बाहेर तापवून ढवळायचे, निवळू द्यायचे, वरचे इंधन पाण्याने धुवायचे आणि सुकवायचे; झाला एक घाणा.

हे ऐकायला सोपे वाटते, पण खरी मेख तेलात आहे. वारंवार तापलेल्या तेलात दोऱ्या आपोआप तुटून सुटी आम्ले झालेली असतात, शिवाय भज्या-वड्यांचे पाणीही उतरलेले असते. त्यांची सोड्याशी गाठ पडली की इंधनाऐवजी साबण तयार होतो आणि सबंध घाणा फुकट जातो. म्हणून प्रत्येक डब्याची आम्लता आधी तपासलीच पाहिजे.

दुसरी मेख मिथेनॉलची. ते चटकन पेट घेते व पोटात गेल्यास प्राणघातक ठरते. 2015 साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. परवान्याशिवाय, घराच्या पडवीत हा उद्योग करणे म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ होय.

आता पैशाकडे वळू. 2019 साली सरकारी तेल कंपन्यांनी अशा इंधनाला पहिल्या वर्षासाठी लिटरला 51 रुपये देऊ केले होते. आज भाव निराळे आहेत, परंतु हिशोबाची रीत तीच. समजा, तेल 45 रुपये किलोने मिळाले. 100 किलोचे झाले 4500. नासधूस वजा जाता 95 किलो, म्हणजे सुमारे 108 लिटर इंधन निघाले. त्याचे आले 5508. उरलेल्या 1008 रुपयांत मिथेनॉल, सोडा, वीज, मजुरी आणि वाहतूक भागवायची. तेच तेल 50 रुपयांनी घ्यावे लागले तर हाती राहतात 508! किलोमागे पाच रुपये वाढले आणि उरणारी रक्कम निम्मी झाली. अशुद्ध ग्लिसरिनाला येणारी किंमत थोडी; तिच्या भरवशावर राहू नये. सारांश, हा धंदा रसायनशास्त्राचा कमी आणि तेल गोळा करण्याचा अधिक आहे.

याचा विसर पडला की काय होते, ते जट्रोफाने, म्हणजे मोगली एरंडाने दाखवून दिले. 2003 नंतर पडीक जमिनीवर त्याची लागवड करण्याचा मोठा गाजावाजा झाला. पाण्यावाचून व खतावाचून भरघोस बी येईल ही आशा फोल ठरली, आणि तेलच नाही म्हटल्यावर कारखाने तरी कशावर चालणार? खाद्यतेल वापरावे, तर त्याची निम्म्याहून अधिक गरज आपण परदेशातून भागवतो. राहिले ते तळणीचेच तेल.

येथे हा प्रश्न नफ्यातोट्यापुरता राहत नाही. 1 जुलै 2018 पासून, ज्या तेलात ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांहून अधिक झाली ते खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास मनाई आहे. तरीही जळके तेल गाळून स्वस्तात एखाद्या गाडीवाल्याला विकले, तर ते पुन्हा आपल्याच मुलांच्या पोटात जाते. कारखानदाराची खरी स्पर्धा या चोरट्या वाटेशी आहे.

म्हणून होतकरूंनी क्रम उलटा करावा. यंत्र शेवटी घ्यावे. आधी दोन महिने गावातील हलवाई, खाणावळी, वसतिगृहे पालथी घालून किती तेल, कोणत्या भावाने, किती नियमाने मिळते ते वहीत मांडावे. मग परवाने काढावेत, आयएस 15607 या मानकाप्रमाणे माल उतरेल अशी तपासणीची सोय करावी आणि गिऱ्हाईक लेखी ठरवावे. वहीतला आकडा पुरेसा नसेल, तर वही मिटावी. त्यात दोन महिने गेले असतील, पण घर वाचले असेल.