यीस्ट विकत न घेणारी ब्रुअरी

ब्रुसेल्सच्या दक्षिण स्थानकावरून अँडरलेख्तच्या दिशेनं चालत निघालं, की थोड्या वेळात कांतियों या ब्रुअरीची इमारत येते. बाहेरून एखादं जुनं गोदामच. १९०० साली पॉल कांतियोंनं धंदा सुरू केला, तेव्हा इथे बिअर बनतही नव्हती. दुसऱ्यांकडून लॅम्बिक, म्हणजे यीस्ट न घालता आपोआप आंबलेली बिअर, आणायची, मुरवायची, मिसळायची आणि बाटल्यांत भरायची. स्वतःची भट्टी पेटली ती १९३०च्या दशकाच्या अखेरीस. पुढे लोकांना गोड नि हलकी बिअर आवडू लागली, तशा शहरातल्या लॅम्बिकवाल्या ब्रुअऱ्या एकेक करून बंद पडल्या. घराण्याचे जावई ज्याँ-पिएर वान रॉय यांनी १९७८ मध्ये चालत्या ब्रुअरीचंच संग्रहालय केलं आणि हिला तगवलं.

पाहण्यासारखी जागा म्हणजे वरचा माळा. सुमारे दोन तृतीयांश बार्लीचं माल्ट आणि एक तृतीयांश कच्चा गहू यांचा गोडसर काढा काही तास उकळतात. त्यात हॉप्स घालतात ते मुद्दाम वर्षानुवर्षं जुने केलेले. त्यांचा कडूपणा गेलेला असतो, टिकवण्याचा गुण मात्र उरतो. मग तो काढा माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ, पसरट टाकीत रात्रभर निवायला सोडतात. झडपांमधून बाहेरची हवा येत राहते. यीस्ट कुणी घालत नाही. जे काही पडायचं ते आपणहून पडतं.

ही सगळी किमया ब्रुसेल्सच्या हवेची, असं भाविकपणे सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. यातले बरेच सूक्ष्मजीव पिंपांच्या लाकडात आणि या इमारतीतच मुक्काम ठोकून आहेत. म्हणून इथे फारशी झाडलोट होत नाही. कोळ्यांना तर अभयच आहे, कारण उन्हाळ्यात पिंपांवर घोंगावणाऱ्या माश्या तेच खातात.

आपल्याकडची ताडीही कुणी काही न घालताच आंबते, पण तिला एक दिवस पुरतो. लॅम्बिक पिंपात तीन-तीन वर्षं बसते. शिवाय ती थंडीतच करता येते, साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलची सुरुवात. रात्र उबदार असली, की काढा वेळेत निवत नाही आणि नको ते जंतू शिरतात. हवामान तापतंय तसा हा हंगाम आखडत चालला आहे. यंत्रानं काढा गार करणं सोपं आहे. पण मग माळ्याचं कामच काय?

चाखायला आधी साधी लॅम्बिक घ्यावी. फेस नाही, बुडबुडे नाहीत. पहिला घोट घेणाऱ्याला ती बिघडलेलीच वाटेल. लिंबाच्या सालीचा आंबटपणा, ओलं गवत आणि चक्क तबेल्याचा वास. तबेला ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा. त्याच्या एका जातीच्या नावातच ब्रुसेल्स आहे. मग गझ. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक मिसळून ती करतात. कोवळीतली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते, म्हणून शँपेनसारखी जाड बाटली आणि बूच लागतं. माझ्या मते खरं कसब या मिसळण्यात आहे. कुठलं पिंप कुठल्याशी जुळेल, हे जिभेलाच ठरवावं लागतं.

शेवटी क्रीक. आंबट चेऱ्या बियांसकट लॅम्बिकच्या पिंपात महिनोन्‌महिने राहतात. बियांमुळे हलकी बदामी चव येते. रंग पाहून सरबताची अपेक्षा करू नये. फळांतली साखर यीस्टनं केव्हाच फस्त केलेली असते.