सरावाच्या खोलीतलं प्रेम

रुडॉल्फ नुरेयेव आणि एरिक ब्रून या बॅले-नर्तकांविषयी लिहिताना बहुतेकांचा भर त्यांच्या भांडणांवर असतो. भांडणं होती, टोकाची होती, आणि एका छपराखाली दोघांचा संसार कधी टिकला नाही हेही खरं. पण पंचवीस वर्षं तुटत-जुळत राहिलेलं हे प्रेम दर वेळी कुठे जुळलं, हे पाहायला हवं. ते जुळलं बॅलेच्या तालमीत.

1960मध्ये अमेरिकन बॅले थिएटर सोव्हिएत दौऱ्यावर आलं, तेव्हा ब्रून त्या संचात होता. लेनिनग्राडच्या किरोव्ह कंपनीतल्या नुरेयेवची मात्र नेमकी तेव्हाच पूर्व जर्मनीला रवानगी झाली होती. ब्रून त्याला पहिल्यांदा दिसला तो हौसेखातर टिपलेल्या एका फिल्मवर. जून 1961मध्ये पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर नुरेयेवने मायदेशाकडे पाठ फिरवली आणि त्याच उन्हाळ्यात कोपनहेगन गाठलं. तिथल्या नृत्यशिक्षिका व्हेरा व्होल्कोवाकडे शिकायचं होतं. खरी ओढ ब्रूनची होती.

नृत्यरचनाकार बूर्नोनव्हिलच्या डॅनिश परंपरेत उडी कितीही उंच गेली तरी खांद्यांवर कष्ट दिसता कामा नयेत. हात खाली, सैल. उतरताना दोन्ही पाय पाचव्या स्थितीत मिटायचे, म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडलेली. याच परंपरेत घडलेला ब्रून हे डोळे मिटूनही करू शकला असता. नुरेयेव सतराव्या वर्षी, म्हणजे फारच उशिरा, बॅलेच्या शाळेत दाखल झालेला. झेप अचाट, उतरणं कच्चं. एकाला दुसऱ्याची सफाई हवी होती, दुसऱ्याला पहिल्याची आग.

नुसतं तंत्र नव्हे, सरावाची खोलीच इथे महत्त्वाची होती, असं मला वाटतं. सोव्हिएत संघात पुरुषांमधल्या संबंधांना पाच वर्षांपर्यंत कैद होती. इंग्लंडमध्ये 1967पर्यंत तो गुन्हाच होता (आपल्याकडे 2018पर्यंत). डेन्मार्कने ते कलम 1933मध्येच काढलं होतं, तरी उघडपणे बोलायची सोय नव्हती. सरावाच्या खोलीत भिंतीलगतच्या आधारदांड्यापाशी मात्र एका पुरुषाने दुसऱ्याकडे तासन्‌तास एकटक पाहावं, त्याचा पाय हातात धरून रेषेत आणावा, आणि त्यात कुणाला वावगं वाटू नये, एवढी मुभा होती.

जानेवारी 1962मध्ये ब्रून जखमी झाला. अमेरिकन टीव्हीवर बॅलेरिना मारिया टॉलचीफसोबत त्याच्या जागी नुरेयेव उभा राहिला, तोही बूर्नोनव्हिलच्याच रचनेत. महिन्याभरात लंडनला बॅलेरिना मार्गो फॉन्टेनबरोबरच्या ‘जिझेल’ या बॅलेने नुरेयेवला जगभर नेलं, आणि दुरावा सुरू झाला. अतिशय काटेकोर, अबोल ब्रूनला त्या झोतात गुदमरायला झालं. 1967मध्ये त्याने स्टॉकहोमच्या बॅलेची सूत्रं हाती घेतली. 1975मध्ये नुरेयेवने अमेरिकेत ‘रेमोंडा’ हा बॅले बसवला, तोवर ब्रूनने नायकाच्या भूमिका सोडल्या होत्या. अब्देरखमान ही भूमिका त्याने केली. नायक नुरेयेव, आणि नायकाच्या हातून द्वंद्वात मरणारा सरदार ब्रून! जोडपं म्हणून जे जमलं नाही, ते रंगमंचावर वैरी म्हणून जमलं. हा योग मला फार हलवून जातो. दुरावा, मत्सर, इतरांशी जुळलेली नाती या साऱ्यांना पुरून उरला तो परस्परांच्या कामाविषयीचा आदर. अशा नात्याला अयशस्वी म्हणायला मी तयार नाही.

1983मध्ये ब्रून टोरोंटोला नॅशनल बॅले ऑफ कॅनडाचा प्रमुख झाला, नुरेयेव त्याच वर्षी पॅरिस ऑपेराच्या बॅलेचा. 1986मध्ये ब्रूनला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं कळताच नुरेयेव त्याच्या उशाशी पोचला. 1 एप्रिलला ब्रून गेला, वय 57. नुरेयेवच्या रक्तात तोवर एचआयव्ही होता; तो 6 जानेवारी 1993ला गेला.

मॉस्कोच्या बोल्शॉयने डिसेंबर 2017मध्ये ‘नुरेयेव’ हा बॅले रंगमंचावर आणला. त्यात रुडॉल्फ आणि एरिक यांचं युगुलनृत्य होतं. रशियातला समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’विरुद्धचा कायदा आणखी कडक झाल्यावर, 2023मध्ये, तो बॅले बंद करण्यात आला.